घरगुती विद्युत्‌घट : एका शालेय प्रयोगाची पूर्वपीठिका

१

शालेय विज्ञान-प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास आढळतो. चारपाच विद्यार्थ्यांचा गट, मेजावर ओळीने मांडलेली तीनचार लिंबे, प्रत्येकात खोचलेला जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा व तांब्याच्या तारेचा एक तुकडा, लिंबालिंबांस जोडणाऱ्या तारा आणि अखेरीस मिणमिणणारा एक तांबडा एलईडी दिवा. शेजारच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘लिंबापासून वीज’. पाहणारे कौतुक करतात, परीक्षक एखादा प्रश्न विचारतात आणि गट कृतार्थ होऊन पांगतो.

प्रयोग इतका परिचयाचा झाला आहे की त्याला काही इतिहास असावा, ही शंकाही सहसा कोणास येत नाही. मोठ्या शास्त्राची ही एक बालसुलभ, उतरती नक्कल आहे, असाच समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विद्युत्‌घटाचा जन्मच मुळी नाणी, मीठ, पुठ्ठा आणि पेले अशा घरगुती वस्तूंतून झाला. प्रयोगशाळेतील भव्य उपकरणे मागाहून आली. तेव्हा लिंबाचा घट ही नक्कल नसून मूळ रूपाचीच आवृत्ती होय. पुठ्ठ्यावरील ते दोन शब्द मात्र चुकीचे आहेत. आणि ही चूकही नवी नाही. वीज नेमकी कोठून येते, या प्रश्नावर युरोपातील पंडितांनी सुमारे अर्धशतक वाद घातला, आणि त्या वादात प्रत्येक पक्षाने वस्तूला दिलेले नाव हेच त्याचे पहिले प्रतिपादन होते. वस्तूचा इतिहास आणि तिच्या नावांचा इतिहास असे दोन्ही धागे एकत्र घेऊन या प्रयोगाची पूर्वपीठिका येथे मांडावयाची आहे.

२

दोन भिन्न धातूंच्या सान्निध्याने काही विलक्षण घडते, याची पहिली साक्ष जिभेने दिली. १७५२ च्या सुमारास सुल्झर या विद्वानाने शिसे व चांदी यांचे तुकडे एकमेकांस टेकवून जिभेवर ठेवले असता हिराकसासारखी चव लागल्याचे नमूद केले. कोणताही एक धातू एकटा ठेवला असता ती चव येत नसे. सुल्झरला या अनुभवाचा विजेशी संबंध जोडता आला नाही, आणि त्याचे निरीक्षण बराच काळ तसेच पडून राहिले.

पुढे इटलीतील बोलोन्या येथील शारीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याने मृत बेडकाच्या पायांवर प्रयोग केले व १७९१ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन धातूंच्या कमानीने मज्जातंतू व स्नायू जोडले की पाय झटका देत असे. गॅल्व्हानीने या शक्तीस ‘प्राणिज विद्युत्’ असे नाव दिले. नावातच निर्णय आला होता : वीज प्राण्यात आहे, धातू केवळ वाट करून देतात.

पाव्हिया विद्यापीठातील अध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा याने आरंभी हे मत मान्य केले. परंतु १७९२ पासून त्यास शंका येऊ लागली. त्यानेही जिभेचा आधार घेतला. जिभेच्या टोकाला कथलाचा वर्ख व मागील बाजूस चांदीचे नाणे वा चमचा लावून दोहोंचा परस्परांस स्पर्श घडविला की आंबूस चव येई. बेडूक नसतानाही परिणाम घडत होता. तेव्हा बेडूक हा विजेचा उगम नव्हे. तो केवळ विजेचा संवेदनशील मापक आहे, असा निष्कर्ष व्होल्टाने काढला. त्याच्या मते उगम होता दोन भिन्न धातूंच्या स्पर्शात.

शालेय प्रयोगातील लिंबाची जागा इतिहासात प्रथम बेडकाच्या पायाने आणि नंतर मनुष्याच्या जिभेने घेतलेली होती. ‘लिंबापासून वीज’ असे लिहिणारा विद्यार्थी नकळत गॅल्व्हानीच्या पक्षाला जाऊन मिळतो : मधल्या सजीव वस्तूलाच तो उगम मानतो.

३

२० मार्च १८०० रोजी व्होल्टाने कोमो या आपल्या गावाहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस फ्रेंच भाषेत एक पत्र लिहिले. विद्युत्‌घटाची जन्मपत्रिका म्हणावी ती हीच. त्यात उपकरणाच्या दोन रचना वर्णिलेल्या आहेत. पहिलीत तांब्याची, किंवा अधिक चांगली म्हणजे चांदीची, चकती. तिच्यावर कथलाची, किंवा अधिक चांगली म्हणजे जस्ताची, चकती. आणि तीवर मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा वा चामडे, याच क्रमाने तीस, चाळीस, साठ थर रचलेला स्तंभ. दुसरीत मिठाचे पाणी भरलेल्या पेल्यांची ओळ आणि एका पेल्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या द्विधातूंच्या कमानी. या दुसऱ्या रचनेस व्होल्टाने ‘पेल्यांचा मुकुट’ असे म्हटले. लिंबांची ओळ ही या मुकुटाचीच आवृत्ती होय. पेल्याच्या जागी लिंबू आले, एवढाच फरक.

संपूर्ण उपकरणास व्होल्टाने दिलेले नाव मात्र ‘कृत्रिम विद्युत्-इंद्रिय’ असे होते. विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या शरीरात जसे थरावर थर असलेले इंद्रिय असते, तशीच आपली रचना आहे, असे त्याचे म्हणणे. गॅल्व्हानीने विजेचे स्थान प्राण्यात मानले होते. व्होल्टाने उलट प्राण्याचे इंद्रियच धातूंत उभे केल्याचे दाखविले. नावाने प्रतिपक्षाचे शस्त्र त्याच्यावरच उलटविले.

या पत्राचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्यात सांगितलेली वस्तू कोणासही करता येण्याजोगी होती. तोवरच्या विद्युत्-प्रयोगांना काचेची घर्षणयंत्रे लागत, आणि ती खर्चाची असत. येथे नाणी, मीठ व पुठ्ठा पुरेसा होता. पत्राचा पूर्वार्ध एप्रिलमध्ये लंडनला पोहोचला. तो पाहावयास मिळताच अँथनी कार्लाइल या शल्यवैद्याने महिना संपण्यापूर्वी अर्ध्या क्राउनची १७ चांदीची नाणी, तितकेच जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे यांचा स्तंभ उभा केला. विज्ञानविषयक नियतकालिकाचा संपादक विल्यम निकल्सन हा त्याचा सहकारी. चांगला स्पर्श व्हावा म्हणून टाकलेल्या पाण्याच्या थेंबात बुडबुडे दिसले, आणि त्या धाग्यावरून २ मे १८०० रोजी दोघांनी विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखविले. मूळ पत्राचे रॉयल सोसायटीपुढे वाचन झाले ते २६ जून रोजी. म्हणजे पत्र सभेत वाचले जाण्यापूर्वीच त्यातून एक नवे शास्त्र निघाले होते. शोधाचा वेग येथे उपकरणाच्या साधेपणातून आला, हे विसरता कामा नये.

४

या साधेपणाचे सर्वांत बोलके उदाहरण मायकेल फॅरडे याचे होय. लोहाराचा हा मुलगा १८०५ पासून लंडनमध्ये जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीची उमेदवारी करीत होता. बांधणीस आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांपैकी ‘ब्रिटानिका’ विश्वकोशातील विद्युत्-विषयक लेख आणि श्रीमती जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादात्मक पुस्तक या दोहोंनी त्याच्या मनाचा कल ठरविला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. १८१० पासून तो टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी भरणाऱ्या व्याख्यानांस जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग. ते थोरला भाऊ देई. तेथे जमणारी मंडळी बहुतांशी कारागीर व कारकून होती. दिवसाचे काम आटोपून ती एकत्र येत, ऐकत, वाद घालीत आणि स्वतः प्रयोग करून पाहत. शालेय गटप्रयोगाचे हे एक पूर्वरूपच म्हणावे लागेल.

याच मंडळात भेटलेल्या बेंजामिन अॅबट या मित्रास फॅरडेने १२ जुलै १८१२ रोजी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, त्याच आकाराच्या आपल्या हाताने कापलेल्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे एवढ्यावर आपण घट उभा केला व त्याने मॅग्नेशियमच्या क्षाराचे विघटन साधले, हे तो मोठ्या उल्हासाने कळवितो. ‘मी, स्वतः मी’ असा आशय पुनःपुन्हा येणारे ते वाक्य वाचताना विसाव्या वर्षीच्या त्या उमेदवाराचा आनंद लपत नाही. त्याच सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीसाठी दोन हजार जोड्यांची प्रचंड घटमाला उभी होती. सात नाण्यांचा धनी पुढील वर्षी, १८१३ मध्ये, त्याच संस्थेत साहाय्यक म्हणून दाखल झाला.

मराठी वाचकास येथे एक दुवा लक्षणीय वाटेल. ज्या श्रीमती मार्सेट यांच्या पुस्तकाने फॅरडेला रसायनाकडे वळविले, त्यांच्याच सृष्टिविज्ञानावरील दुसऱ्या संवादग्रंथाचे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईत केले. ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे त्याचे नाव. त्याचा विषय यंत्रशास्त्र, ज्योतिष, प्रकाश इत्यादी आहे, विद्युत्‌घट नव्हे. तथापि प्रश्नोत्तरांच्या द्वारे, शिष्याच्या शंकेला वाव देत शास्त्र शिकविण्याची जी रीत लंडनच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात फॅरडेच्या हाती आली, तीच रीत पुढे मराठीतही आली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे : वीज कोठून येते? व्होल्टाचा पक्ष सांगे, धातूंच्या स्पर्शातून. दुसऱ्या पक्षाने, ज्याचा आरंभ फ्लॉरेन्सच्या फाब्रोनीपासून धरता येतो, धातूवर होणारी रासायनिक क्रिया हेच कारण मानले. फॅरडेने १८४० मध्ये या वादात निर्णायक युक्तिवाद केला. केवळ स्पर्शाने, कशाचाही व्यय न होता, अखंड प्रवाह मिळत असेल तर ती शून्यातून शक्तीची निर्मिती ठरेल. आणि निसर्गात तशी निर्मिती अन्यत्र कोठेही आढळत नाही. पुढे काही वर्षांतच मायर, जूल व हेल्महोल्ट्झ यांच्या लेखनातून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त दृढ झाला. जूलने तर विजेवर चालणाऱ्या यंत्राचा हिशेब मांडून घटात खर्च होणारे जस्त हे वाफेच्या यंत्रातील कोळशापेक्षा महाग पडते, हे दाखविले. जस्त हे घटातील सरपण होय, हाच त्याचा इत्यर्थ.

लिंबातही हेच घडते. जस्त आम्लरसात विरघळते व त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. तेथे रसातील हायड्रोजन-आयन ते स्वीकारतात आणि वायूचे सूक्ष्म बुडबुडे धरतात. लिंबू केवळ आयनांना वाट देते आणि आम्ल पुरविते. एका लिंबातून सुमारे ०.९ ते १ व्होल्ट विद्युद्दाब मिळतो. प्रवाह मात्र एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी. म्हणून साधा विजेरीचा दिवा पेटत नाही. आणि तांबड्या एलईडीस सुमारे १.८ व्होल्ट लागत असल्याने तीनचार लिंबांची ओळ करावी लागते.

मग हा वाद इतकी वर्षे का टिकला? उत्तर आकड्यांत आहे. एक ग्रॅम जस्त पूर्णपणे खर्ची पडून एक मिलिअँपिअर प्रवाह देऊ लागले, तर तो सुमारे ८२० तास, म्हणजे ३४ दिवस टिकेल. तासाभराच्या प्रयोगात जस्ताची घट जेमतेम सव्वा मिलिग्रॅम होते. डोळ्यांना खिळा होता तसाच दिसतो. रसाळ लिंबू मात्र समोर असते. जे दिसते त्यास कारण मानावे आणि जे दिसेनासे होते ते विसरावे, हा बुद्धीचा सहजधर्म असल्याने पंडितही त्यात गुंतले, मग शाळकरी मुलांना दोष कसा द्यावा?

गमतीची गोष्ट अशी की, आंबट पदार्थ धातूस खातो हे ज्ञान मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार ठेवले की ते ‘कळकते’. या एका क्रियापदात आम्ल, धातू व विषारी चव या तिहींचा संबंध सामावलेला आहे, आणि त्यावरील उपाय म्हणून भांड्यास कथलाची कल्हई करण्याची चाल पडली. ‘वीज लिंबातून येते’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची आजी ‘आंबटाने भांडे खाल्ले’ असे म्हणत असे. रासायनिक सिद्धान्ताच्या अधिक निकट कोण, हे सांगणे नलगे. प्रयोगानंतर ते लिंबू खाऊ नये, ही सूचनाही याच ज्ञानाचा भाग होय. कारण त्यात जस्त उतरलेले असते.

गटाने प्रयोग करण्याचे खरे सार्थक येथेच साधते. एका विद्यार्थ्याने लिंबू बदलून बटाटा, व्हिनेगर, मिठाचे पाणी घ्यावे. दुसऱ्याने लहान व मोठे लिंबू ताडून पाहावे. तिसऱ्याने जस्त काढून त्या जागी दुसरी तांब्याचीच तार खोचावी. पहिल्या दोघांना विद्युद्दाबात फारसा भेद दिसत नाही. तिसऱ्याच्या मापकाचा काटा शून्याजवळ येतो. तिन्ही निष्कर्ष शेजारी मांडले की उगम कोठे आहे, हे सांगावे लागत नाही. बटाट्याविषयी २०१० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी दाखविलेली गोष्टही येथे उपयोगी आहे : उकडलेल्या बटाट्याच्या घटातून कच्च्याच्या मानाने दसपटीपर्यंत शक्ती मिळते. उकडल्याने बटाट्यात नवी वीज शिरत नाही. पेशींची बंधने मोडून अंतर्गत रोध कमी होतो. वाट रुंद झाली, सरपण तेच राहिले.

६

उरला नावांचा प्रश्न. ‘बॅटरी’ हा शब्द मूळचा तोफखान्यातला. एकत्र मांडून एकदम डागावयाच्या तोफांचा तो समूह. काचेच्या अकरा तावदानांना शिशाचे पत्रे लावून केलेल्या विद्युत्-संचयाच्या मांडणीस बेंजामिन फ्रँक्लिनने १७४९ च्या पत्रात हा शब्द योजिला, आणि तेथून तो घटांच्या ओळीस लागू झाला. म्हणजे त्यात मुळात समूहाचा अर्थ आहे. एका घटास ‘बॅटरी’ म्हणणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने एका तोफेस तोफखाना म्हणण्यासारखे आहे. फ्रेंच व इटालियन भाषांत व्होल्टाच्या स्तंभावरून ‘रास’ या अर्थाचे ‘पील’, ‘पिला’ हे शब्द रूढ झाले व ते एकेका घटासही लागतात. मराठी बोलीत तर ‘बॅटरी’ म्हणजे हातातील विजेरीच. शास्त्रीय मराठीने मात्र ‘घट’ आणि ‘घटमाला’ असा स्वच्छ भेद राखला. विहिरीच्या रहाटावरील घटमाळेचे चित्र ज्या भाषेत जिवंत होते, तिने व्होल्टाच्या पेल्यांच्या मुकुटास इतके समर्पक नाव द्यावे, हे तिच्या प्रकृतीस साजेसेच झाले.

दुसऱ्या एका पारिभाषिक जोडीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. विद्रावात बुडविलेल्या टोकांस ‘ध्रुव’ म्हणण्याची प्रथा फॅरडेस खटकत होती. कारण ध्रुव म्हटले की आकर्षणाचा सिद्धान्त गृहीत धरला जातो. कोणत्याही सिद्धान्ताशी न बांधलेली नावे त्यास हवी होती. १८३४ मध्ये केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलशी पत्रव्यवहार करून त्याने ‘ॲनोड’ व ‘कॅथोड’ हे शब्द स्वीकारले. ग्रीक भाषेत त्यांचा अर्थ केवळ वर जाणारी व खाली जाणारी वाट असा आहे. सूर्याच्या उदयास्ताची दिशा ही त्यामागील कल्पना. प्रवाह विद्रावात जेथून प्रवेश करतो ते ॲनोड, जेथून बाहेर पडतो ते कॅथोड. विजेविषयीची मते उद्या पालटली तरी नावे टिकावीत, हा हेतू.

मराठीत या शब्दांसाठी ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ हे प्रतिशब्द रूढ झाले. विद्युत्-विघटनाच्या पात्रात ते बरोबर लागू पडतात, कारण तेथे ॲनोड धन असतो. परंतु विद्युत्‌घटात स्थिती उलटी होते. लिंबात प्रवाह रसामध्ये शिरतो तो जस्ताकडून. म्हणून जस्त हा ॲनोड. पण बाहेरच्या मंडलात जस्त हे ऋण टोक आहे. तेव्हा प्रतिशब्द प्रामाणिकपणे वापरणाऱ्या विद्यार्थ्यास ‘धनाग्र हे ऋण आहे’ असे लिहावे लागते. तो चूक करतो असे शिक्षकास वाटते, आणि विषय समजला नाही असे विद्यार्थ्यास वाटते; वस्तुतः दोष दोघांचाही नाही. फॅरडेने ज्या शब्दांतून सिद्धान्त कटाक्षाने वगळला, त्यांच्या भाषांतरात तो पुनश्च घातला गेला. यावर उपाय अवघड नाही. टोकांच्या चिन्हासाठी ‘धन टोक’ व ‘ऋण टोक’ असे म्हणावे आणि क्रियेच्या स्थानासाठी ‘ॲनोड’ व ‘कॅथोड’ हे शब्दच कायम ठेवावेत.

जाता जाता लिंबातील खिळ्याकडेही पाहावयास हवे. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीस १८३७ च्या सुमारास फ्रान्समधील सोरेल याने गॅल्व्हानीचे नाव दिले. ‘गॅल्व्हनाइज्ड’ पत्रा व खिळा या रूपाने ते आजही बाजारात आहे. वादात हरलेल्या त्या शारीरशास्त्रज्ञाचे नाव अशा रीतीने प्रत्येक शालेय घटात, आणि तेही खऱ्या उगमापाशीच, खोचलेले असते.

७

सारांश, घरगुती विद्युत्‌घट हा शास्त्राचा खेळ नव्हे. तो शास्त्राचा आरंभ आहे. नाणी, मीठ व पुठ्ठा यांतून तो निघाला, मित्रांच्या व कारागिरांच्या मंडळांत वाढला, आणि वीज कोठून येते हा प्रश्न त्याने प्रत्येक पिढीपुढे नव्याने ठेवला. गॅल्व्हानीने बेडकाकडे बोट दाखविले, व्होल्टाने स्पर्शाकडे. विद्यार्थी लिंबाकडे दाखवितो. तिघांचीही दिशाभूल समोर दिसणाऱ्या वस्तूने केली. प्रदर्शनातील पुठ्ठ्यावर ‘लिंबापासून वीज’ याऐवजी ‘जस्तापासून वीज, लिंबाच्या साहाय्याने’ एवढे शब्द आले, तर पाहणाऱ्याचे कौतुक कदाचित थोडे उणावेल; परंतु गटातील एखादा तरी विद्यार्थी तो खिळा उपटून, पुसून, उजेडात धरून निरखील. चाळीस वर्षांच्या वादाचा निकाल त्या झिजलेल्या खिळ्यावर लिहिलेला आहे.